आमी हाय की

माघातला रविवार होता. सकाळचे साडेसात वाजले असतील. कोल्हापूरजवळच्या प्रयागच्या अलीकडं, शेतांमधल्या एका पाणंदीत सायकल उसाला टेकवून मी फोनवर बोलत होतो. पुण्याचा मित्र विचारत होता, तुमच्याकडं सायकल चालवायला रस्ते कसे आहेत. त्याच्या नशिबी रोजचा धूर आणि उड्डाणपूल, त्यामुळं मलाही जरा उत्साह आला. म्हटलं, "अरे, एक गाडी नाही, एक हॉर्न नाही. नदीकाठानं नुसती मातीची वाट. तासभर झाला मी फिरतोय, इथं कुणीच नसतं." एवढं बोलून होतंय तोवर पाठीमागून आवाज आला, "कुणीच नसतं म्हंजे? आमी हाय की."

वळून बघितलं तर डोक्यावर वाड्याचा भारा घेतलेली एक म्हातारी. उसाच्या शेंड्यांची हिरवी पाती दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती, त्यामुळं तोंड निम्मंच दिसत होतं. नेसलेलं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात कुणाचातरी जुना पुरुषी स्वेटर, पायात झिजलेली रबरी चप्पल. माझ्या सायकलीनं वाट अडली होती म्हणून ती थांबलेली. मी गडबडीनं सायकल उचलून सरीत उतरलो. ती पुढं झाली. पात्यांची टोकं माझ्या हेल्मेटला खरखरत घासली आणि ओल्या हिरव्या रसाचा वास आला. आवाजात राग नव्हता. लहान पोरानं गावाचं नाव चुकीचं सांगितलं तर मोठं माणूस सहज सुधारून देतं, तसं तिनं मला सुधारून दिलं होतं. फोनवर मित्र "हॅलो, हॅलो" करत होता. मला पुढं काय बोलायचं ते सुचेना.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. ते तीन शब्द अजून तिथंच आहेत.

माझी ही वाट ठरलेली आहे. उजाडायच्या आधी कसबा बावड्यातून खाली राजाराम बंधाऱ्यावर उतरायचं, बंधारा ओलांडून पलीकडं वडणग्याच्या बाजूला निघायचं, तलावाच्या काठानं गाव पार करायचं आणि मग डांबर सोडून पाणंदीला लागायचं. तिथून आंबेवाडी, चिखली, प्रयाग. बंधाऱ्यावर मी दरवेळी उतरून सायकल हातात घेतो. घाई नसते, आणि तिथं थांबण्यासारखं बरंच असतं. पाऊस सरला की दगडी खांबांच्या खोबणींत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवलेले असतात, बर्ग्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासलेली असते, तरी कुठूनतरी पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या सुटतातच. वरच्या अंगाला पाणी तुडुंब आणि गप्प. खालच्या अंगाला दगडांतून खळखळतंय. थंडीत वरच्या पाण्यातून वाफा निघतात आणि त्या वाफांत पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. पावसाळ्यात ह्याच बंधाऱ्यावरची पातळी अख्खं शहर तासातासाला घोकत असतं, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हिवाळ्यात तिथं उभं राहून खाली बघितलं की ते आकडे खरेच वाटत नाहीत.

डांबर संपतं तो क्षण मला फार आवडतो. चाकाचा आवाज बदलतो. डांबरावर एकसुरी घूं चालू असते, ती जाते आणि मुरमाची करकर सुरू होते. थोडं पुढं गेलं की मुरूमही संपतो, नुसती बसलेली काळी माती लागते, तिथं चाक जवळजवळ बिनआवाजाचं चालतं आणि मग बाकीचं सगळं ऐकू यायला लागतं. कुठंतरी मोटर चालू असते, पाटातून पाणी सरीत पडत असतं, टिटवी ओरडून आपली जागा सांगते, दूर एखाद्या गोठ्यात किटलीचं झाकण वाजतं. माझी सायकल ह्याच वाटांसाठी घेतलेली आहे. हँडल रेसिंगच्या सायकलीसारखं वाकडं, पण टायर ४० मिलिमीटर रुंद आणि हवा निम्मीच. हवा कमी असली की टायर खड्याखड्यावर थोडा दबतो आणि जमीन हाताला कळते. कुठं ओल आहे, कुठं काल ट्रॅक्टर गेलाय, कुठं पाइपलाइनची चर बुजवलीय, हे डोळ्याआधी तळव्यांना समजतं. ह्या प्रकाराला ग्रॅव्हल असं नाव आहे आणि बाहेरच्या देशांत त्याचे नकाशे निघतात, शर्यती होतात. आपल्याकडं ही वाट आधीपासूनच आहे आणि तिला पाणंद हे नावही आहे.

कोल्हापूरच्या माणसाला पाणंद काय असते हे सांगायला नको. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, मध्यावर गवताचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चाकोऱ्या. डिसेंबर-जानेवारीत ऊस उभा असतो तेव्हा पाणंदीत शिरलं की आकाशाची एक चिंधी तेवढी डोक्यावर राहते. वारा वरून वाहतो आणि खाली उसाची सळसळ ऐकू येते. पात्याच्या कडा दंडाला ओरखडत जातात आणि घाम त्यात उतरला की झोंबतो. मग एके दिवशी तोड होते. टोळी येऊन खोपी टाकते, चार दिवसांत फड मोकळा होतो, आणि त्याच वाटेवरनं जाताना एकदम चौफेर दिसायला लागतं. नदीची वळणं, पलीकडची गावं, जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याची सपाट कड. दोन आठवड्यांपूर्वी बोगद्यासारखी वाटणारी पाणंद उघड्यावर पडलेली असते. आपण चुकून दुसरीकडं आलो की काय असं वाटतं.

प्रयागला मी पायऱ्यांवर बसतो. कासारी एकीकडून येते, भोगावती दुसरीकडून, आणि तुळशी-कुंभीचं पाणी तोवर वाटेत मिसळलेलं असतं. सरस्वती गुप्त. लहानपणी आजी पाची नद्यांची नावं बोटांवर मोजून घ्यायची आणि सरस्वतीच्या वेळी अंगठा मुठीत लपवायची. इथनं पुढं पंचगंगा. पाणी बघून काही कळत नाही, कुठलं कुठल्या नदीचं. माघस्नानाला आलेली माणसं कुडकुडत वर येतात, ओल्या कपड्यांनी देवळाकडं जातात, आणि पायऱ्यांवर ओल्या पावलांची रांग राहते. ऊन चढलं की ती वाळते.

त्या दिवशीही मी तिथं जाऊन बसलो. पण मन लागेना.

कुणीच नसतं, असं मी का म्हणालो? आधी स्वतःला समजावलं की बोलायची पद्धत आहे, गाड्या नसतात असं म्हणायचं होतं. मग मनातल्या मनात सकाळ पुन्हा उलगडून बघितली. बंधाऱ्यावर दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल भेटली होती, तिला वाट द्यायला मी कठड्याला चिकटलो होतो. तलावाजवळ म्हशी धुणारे दोघं होते. पाणंदीच्या तोंडाला उसानं भरलेली बैलगाडी आली होती. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती, गाडीवान जू धरून त्यांच्याशी काहीतरी बोलत चालला होता आणि त्याची बायको मागं उताराला चाकाखाली दगड सरकवायच्या तयारीनं चालत होती. पुढं पाणी पाजणारा एक माणूस खोऱ्यानं सरीचं तोंड फोडत होता, मला बघून त्यानं हात केला होता आणि मीही केला होता. एवढी माणसं भेटली, त्यांतल्या निम्म्यांशी मी नजरानजर केली, आणि तरी तासाभरानं तोंडातून सहज निघालं की कुणीच नसतं. माझ्या डोळ्यांनी त्यांना उसात, पाण्यात, धुक्यात धरलं होतं. रस्त्यावरची माणसं म्हणून मोजलंच नव्हतं.

त्यात मी काही परका नाही. माझं आजोळ भोगावतीच्या काठचं. लहानपणीची प्रत्येक सुट्टी अशाच एका पाणंदीत गेली. आजोबांच्या उंच काळ्या सायकलीच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे, मागं कॅरिअरला वैरण, आणि आम्ही मळ्यातनं घरी यायचो. नळीचा गारवा टॉवेलमधूनही जाणवायचा. चाकोरी सोडली की सायकल गवतावर चढायची आणि आजोबा म्हणायचे, "दम धर, दम धर," ते मला की सायकलीला हे कधी कळलं नाही. वाटेत शेजारच्या शेतातलं गुऱ्हाळ लागायचं. त्याच्या चुलवणाचा लाल उजेड लांबून दिसायचा आणि वास तर त्याच्याही आधी यायचा. काहिलीत रस रटरटत असायचा, भेंडीचं पाणी पडलं की करडी मळी वर फुगून यायची, ती झाऱ्यानं काढत काढत रस सोनेरी व्हायचा. मग गुळव्या पाण्याच्या वाटीत चार थेंब टाकून बोटांत त्याची गोळी करून बघायचा. सगळे गप्प. गोळी जमली की एकदम आरडाओरडा, काहील उचलायची, वाफ्यात ओतायची. मला उसाच्या कांडक्यावर गुंडाळून गरम गूळ मिळायचा. फुंकर मारायचा धीर नसायचा आणि टाळू भाजायची.

पण त्याच पाणंदीची दुसरीही गोष्ट आहे, आणि त्या म्हातारीनं टोकेपर्यंत ती मी कधी नीट आठवली नव्हती. आजोबांच्या शेताच्या मागं आणखी तीन-चार जणांच्या जमिनी होत्या. त्यांना बाहेर पडायला वाट एकच, आजोबांच्या बांधावरनं जाणारी पाणंद. गावच्या नकाशावर ती तुटक दुहेरी रेघेनं दाखवलेली होती, म्हणजे गाडीवाट, आणि गाडीवाटेची रुंदी साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत धरतात. जमिनीवर ती सात फूटसुद्धा उरली नव्हती. आजोबा दर नांगरटीला तिचं एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, कोरायचे. पलीकडचा शेतकरी पलीकडनं कोरायचा. कुणी मुद्दाम ठरवून केलं असं नाही. नांगर वळवताना थोडा बाहेरनं वळवायचा, पुढच्या साली तिथं सरी पाडायची, त्याच्या पुढच्या साली तिथं ऊस उभा. मागच्या लोकांची तोड आली की गाडी आत जायची नाही. मग डोक्यावरनं मोळ्या बाहेर काढायच्या, नाहीतर आमच्या उसाची तोड होऊन रान मोकळं होईपर्यंत थांबायचं. तोवर त्यांच्या उसाला तुरे यायचे, वजन घटायचं.

भांडणं झाली. मागच्या आळीतल्या बायकांनी आजीशी बोलणं टाकलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा विहिरीवर मला कुणीतरी म्हणालं, "ह्याच्या आज्यानं आमचा रस्ता खाल्ला." मला त्याचा अर्थ लागला नाही. रात्री आजोबांना विचारलं तर ते काही न बोलता बाहेर जाऊन बसले. पुढं प्रकरण तहसीलदारांकडं गेलं. आडवलेली वाट मोकळी करून द्यायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. बांधावरनं वाट मागायला महसूल कायद्याचं कलम १४३ आहे, ते वेगळं. खेड्यातल्या माणसांना ही कलमं तोंडपाठ असतात, शहरातल्या माणसाला आपल्या घराचा सातबारा वाचता येत नसला तरी. पंचनामा झाला, टेप लागली, चुन्याची रेघ मारली. ती रेघ उभ्या उसातनं गेली होती. मामानं दुसऱ्या दिवशी स्वतः कोयता घेऊन रेघेच्या बाहेरचा ऊस तोडला. आजोबा घरातनं बाहेर आले नाहीत. त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा वाट रुंद झाली होती, पण आजोबांनी मला सायकलीवरनं त्या वाटेनं पुन्हा कधी नेलं नाही. आम्ही डांबरी रस्त्यानं वळसा घालून यायचो. मला वाटायचं, त्यांना आता दम लागतो म्हणून.

आता त्या वाटेनं उसाच्या ट्रॉल्या जातात. मामा सत्तरीला आलाय. गेल्या दिवाळीत मी सायकलीनंच गेलो होतो, तर त्यानं मला पाणंदीच्या तोंडापर्यंत सोबत केली आणि तिथं उभं राहून म्हणाला, "हितनं हितपतोर आपलं हुतं." पायानं रेघ ओढून दाखवली. मग थोडं थांबून म्हणाला, "म्हंजे, आपलं न्हवतंच."

हे सगळं आठवल्यापासून मला कुठल्याही पाणंदीत नुसतं शिरता येत नाही. प्रत्येक वाट कुणीतरी आपली सरी मागं घेतल्यामुळं उघडी राहिलेली आहे, कुणी राजीखुशीनं, कुणी चुन्याच्या रेघेपुढं. जिथं वाट एकदम निमुळती होते तिथं मी आता दोन्हीकडच्या बांधांकडं बघतो. सहसा कळतं, कुणाचा नांगर बाहेरनं वळला ते.

आणि एक गोष्ट मला अजून सुटत नाही. मला ही वाट मातीचीच हवी आहे. तिच्यावर डांबर पडलं की चारचाकी येणार, पहाटेची शांतता जाणार, माझ्या टायरखालची करकर जाणार. पण ज्यांची ती वाट आहे त्यांना ती माती नको आहे. जूनमध्ये ही काळी माती काय करते ते मी एकदाच अनुभवलंय. पहिल्या वळवानंतर शिरलो होतो. पन्नास पावलांत चिखल चाक आणि फोर्कच्या मध्ये इतका गच्च बसला की चाक फिरायचं बंद झालं. काठीनं कोरून काढावा, चार पावलं जावं, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आलो, घरी आलो, अंघोळ केली आणि संध्याकाळी ती हकिकत मित्रांना रंगवून सांगितली. ज्यांना रोज धार काढायला, वैरण आणायला, दूध घालायला ह्याच चिखलातनं जायचं आहे, त्यांना ती कुणाला रंगवून सांगायची नसते. पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आल्या, गावोगाव मुरूम पडायला लागला, तेव्हा लोकांनी नारळ फोडले. आणि पूर आला की हे सगळंच पाण्याखाली. २०१९ ला आणि २०२१ ला बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा आंबेवाडी-चिखलीची माणसं आपली जनावरं घेऊन सोनतळीकडं निघाली होती. पाणी उतरल्यावर पाणंदीत गुडघाभर गाळ होता. पुढच्या हिवाळ्यात तो वाळून, चाकाखाली बसून गुळगुळीत झाला. मी त्यावरनं सायकल चालवली आणि मला ती वाट फार सुंदर वाटली होती. दोन्ही खरं आहे. वाट सुंदर होती.

संध्याकाळी वेळ कमी असला तर मी कळंब्याच्या तलावाकडं जातो. बांधावरनं पाण्याच्या कडेकडेनं जितकं जाता येईल तितकं. वारकरी पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे पसरलेले असतात आणि जवळ गेलं की पाण्यावरनं पळत पळत उडतात. तिथंही फिरायला येणारी माणसं बरीच, पण तिथल्या माणसांना मी माणसं म्हणून मोजतो, कारण तीही माझ्यासारखीच विनाकारण आलेली असतात. हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटलं नाही.

म्हातारी पुन्हा भेटली ती ह्या जानेवारीत. पाणंद तीच, पण तोंडाला मुरमाचे ढीग पडलेले होते, लाल, ओलसर, ट्रॉलीतनं नुकतेच ओतलेले. त्यातल्या एका ढिगाला भारा टेकवून ती बसली होती. स्वेटर तोच. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी उतरलो आणि म्हटलं, "आजी, रस्ता होणार वाटतं."

"व्हतोय म्हणं. चार वर्सं व्हतोयच. आता मुरूम तरी पडलाय." ढिगावरचा एक खडा उचलून तिनं बोटांत चुरून बघितला. "पाऊसकाळात माजं पाय निस्तं फुटून निगत्यात बघ, बाळा. ह्यो झाला की मी चपलीनं येतो घरापतोर." मग माझ्या सायकलीकडं बघून म्हणाली, "तुजं बी बरं चालंल गाडं."

मी "हो" म्हणालो. माझं ह्या मातीवरच बरं चालतं, हे तिला सांगायला जीभ उचलली नाही.

"जरा हात लाव की."

सायकल ढिगाला टेकवली. तिनं पदराची चुंबळ डोक्यावर बसवली, गुडघे वाकवून भाऱ्याखाली आली, मी दुसऱ्या बाजूनं उचलला. वाडं हिरवं असतं तेव्हा ते किती जड असतं हे मी विसरलो होतो. आजोबांच्या कॅरिअरला असायचं तेव्हा त्याचं वजन सायकलीला कळायचं, मला नाही. भारा वर गेला, क्षणभर डुलला, तिनं मान किंचित फिरवून तो तोलला आणि चालायला लागली. माझ्या तळहातावर पात्याच्या कडेनं एक बारीक रेघ उठली होती. पाणंद तिथं अरुंद आहे, भारा दोन्हीकडच्या उसाला घासत चालला होता. मी सायकल हातात धरून तिच्या मागनं चालत राहिलो. फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी होत होती. वळणाशी, जिथं वाट जरा फाकते तिथं, ती कडेला सरली आणि न वळता म्हणाली, "जा फुडं."